पाटोडी रस्सा आणि साय-रंगाचा कोट: एका डागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातल्या एका कुटुंबातलं आहे. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी गृहविज्ञान शाखेत वस्त्रविज्ञान शिकवते. या घराशी जुना घरोबा असल्यामुळे डागाळलेले कपडे दुसऱ्याच सकाळी माझ्याकडे आले. आदल्या रात्री काय झालं ते मला घरातल्या दोघींनी सांगितलं: वहिनीनं आणि न्यू जर्सीहून आलेल्या तिच्या नणंदेनं.

डिसेंबरातलं लग्न, रिसेप्शन उघड्या लॉनवर. त्या दिवसांत नागपुरात रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत सहज उतरतो, त्यामुळे तिकडचे हिवाळी कपडे इथेही अंगावर चढले. नणंदेचा साय-रंगाचा लांब लोकरी कोट आणि तिच्या नवऱ्याचं काळं, आत बदकाची मऊ पिसं भरलेलं नायलॉनचं जॅकेट. जेवणात पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा होता, वर लालभडक तर्री, म्हणजे तिखट तेलाचा तवंग. गर्दीत कोणाचा तरी कोपर लागला आणि वाटी कलंडली. बराचसा रस्सा कोटाच्या डाव्या खिशाखाली सांडला, उरलेला जॅकेटच्या बाहीवर उडाला.

डाग एकच, वेळ एकच, पण कापडं दोन. त्यामुळे पुढचे जवळजवळ सगळे निर्णय दोन वेगळ्या वाटांनी गेले. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

आधी दोन्ही लेबलं वाचली. कोट 80 टक्के लोकर, 20 टक्के नायलॉन, अस्तर व्हिस्कोसचं. पाण्याच्या टबावर फुली, त्रिकोणावर फुली, आणि वर्तुळात पी हे अक्षर. म्हणजे पाण्यात बुडवायचा नाही, ब्लीच नाही, ड्रायक्लीनिंग चालेल. जॅकेटच्या लेबलवर टबात 30 हा आकडा आणि चौकोनातल्या वर्तुळात एक टिंब होतं. म्हणजे 30 अंशांच्या पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा.

अडचण

डाग पडल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी झाल्या. आधी कोणीतरी छापील रंगीत नॅपकिननं रस्सा पुसला, त्यात तो पसरला. मग त्यावर पाणी ओतलं गेलं. शेवटी एका मावशींनी कोट उचलून केटरिंगच्या मोरीपाशी नेला आणि भांडी घासायच्या बारनं डाग खसाखसा चोळला. पिवळा-केशरी डाग बघता बघता विटकरी लाल झाला.

"अवो बाई, रंगच सुटला ना कोटाचा!" असं म्हणून मावशीच घाबरल्या. मग सगळ्यांनी हात काढून घेतला आणि साबण न धुताच कोट रात्रभर खुर्चीवर पडून राहिला.

कोटाचा रंग सुटलेला नव्हता. लाल झाली होती ती हळद. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन. आम्लात तो पिवळाच राहतो, अल्कलीत तांबडा होतो. आपल्याकडे पूर्वापार हळदीत चुना किंवा टाकणखार घालून कुंकू केलं जातं, ते याच गुणावर. भांड्याचा बार काय किंवा कपड्याचा साबण काय, दोन्ही अल्कलीच. त्यामुळे डाग लाल होणं ही डाग पक्का झाल्याची खूण नव्हे. कापडात अजून अल्कली शिल्लक आहे, एवढंच ते सांगतं. नणंदेला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा निवळला.

पण खरी चिंतेची गोष्ट वेगळी होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखंच प्रथिन. तिच्या धाग्यावर खवले असतात. ओल, अल्कली आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाडसर होतं. खिशाखालच्या जागेवर हात फिरवला तर पोत बदललेला बोटांना कळत होता. रंग काढता येतो, पण आटलेली लोकर पहिल्यासारखी होत नाही.

कोट उजेडात पसरला तेव्हा आणखी दोन जुने डाग दिसले. कॉलरच्या आतल्या बाजूला त्वचेच्या तेलाचा आणि मेकअपच्या फाउंडेशनचा मिळून झालेला तपकिरी पट्टा. आणि खालच्या घेराला पांढरी, नागमोडी रेघ. न्यू जर्सीत बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याचं पाणी घेरावर उडून सुकलेलं. नणंद म्हणाली, "तिकडे ड्रायक्लीनिंगला फार पैसे पडतात, म्हणून सगळं इथेच करून घेऊ म्हटलं होतं." म्हणजे कामं तीन झाली, आणि तिघांचे गुणधर्म तीन. मीठ पाण्यात विरघळतं, कॉलरचं तेल फक्त सॉल्व्हंटमध्ये (ड्रायक्लीनिंगच्या द्रवात), आणि रश्श्याचा डाग अर्धा इकडचा अर्धा तिकडचा.

समोर असलेले पर्याय

वहिनीचं म्हणणं सरळ होतं: "बर्डीवर ड्रायक्लीनरकडे देऊन टाकू ना ताई, तो बघून घेईल." यात चूक काहीच नाही, पण ते अपुरं आहे. ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट, मग ते पर्क (परक्लोरोइथिलीन हे रसायन) असो की पेट्रोलियमचं, तेल उत्तम काढतं. तिखटाचा लाल रंग तेलात विरघळणारा असल्यामुळे तोही बराच जातो. कुर्क्युमिन मात्र पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये जेमतेम विरघळतं, आणि लोकरीला ते रंगासारखं धरून बसतं. मीठ तर त्यात विरघळतच नाही. शिवाय धुलाईनंतर वाफेची इस्त्री होते, आणि उरलेला डाग उष्णतेनं घट्ट बसतो. काहीही न सांगता कोट दिला असता तर तेल गेलं असतं आणि पिवळा डाग इस्त्रीखाली पक्का होऊन घरी आला असता.

दुसरा पर्याय शेजारच्या काकूंनी सुचवला: कोट ईझीच्या, म्हणजे लोकरी कपड्यांच्या लिक्विडच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. ईझी लोकरीच्या स्वेटरसाठी चांगलंच आहे, त्यात अल्कली नसते. पण स्वेटर आणि शिवलेला कोट यांत फार फरक आहे. कोटाच्या छातीत आणि कॉलरमध्ये चिकटवलेलं कॅनव्हास असतं, खांद्यात पॅड असतात. पाण्यात ते फुगतात, सुटतात, आणि पुढच्या भागावर फोड आल्यासारखे उंचवटे येतात. लेबलवरची फुली लोकरीसाठी जेवढी असते तेवढीच या आतल्या बांधणीसाठी असते.

तिसरा पर्याय ब्लीचचा. घरोघरी पांढऱ्या कपड्यांना वापरतात ते क्लोरीनचं ब्लीच लोकरीवर कधीही नको. ते आधी लोकर पिवळी करतं आणि मग धागाच विरघळवतं. याबाबतीत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर "थोडंसं टाकून पाहू" म्हणून गेलेले कोट मी पाहिले आहेत.

नणंदेचं स्वतःचं मत होतं की कोट तसाच पिशवीत घालून परत न्यावा आणि तिकडच्या दुकानात द्यावा. परतीला अजून दोन आठवडे होते. तेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं, शिवाय साबण कापडातच राहणार. हा पर्याय मला सर्वांत धोक्याचा वाटला.

उरली ती थराथरानं जायची वाट: आधी साबणाची अल्कली मारायची, मग पाण्यात जाणारं मीठ, मग ड्रायक्लीनरकडून तेल, आणि सर्वांत शेवटी हळदीचा रंग. वेळखाऊ होती, पण प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहता येणार होतं.

काय केलं: कोट

सुकलेलं बेसन आणि खोबऱ्याचे कण बोथट चमच्यानं खरवडून काढले, नखानं नाही. मग एक चमचा पांढरं व्हिनेगर आणि चार चमचे थंड पाणी असं मिश्रण करून आतल्या शिवणीजवळच्या कापडावर लावून पाहिलं. पांढऱ्या सुती फडक्यावर कोटाचा रंग उतरला नाही, तेव्हाच डागाला हात लावला. डागाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि वरून फडक्यानं नुसतं टिपत गेलो. काही मिनिटांत विटकरी रंग परत पिवळा झाला. वहिनी बघतच राहिली. साबण आणि व्हिनेगर दोन्ही निघून जावेत म्हणून साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तीच जागा पुन्हा टिपली.

टिपताना दिशा सांभाळायची असते: बाहेरून आत. आतून बाहेर गेलं की डाग पसरतो आणि सुकल्यावर त्याच्या कडेला गोल रेघ उमटते. ती रेघ काढणं हे मग वेगळंच काम होऊन बसतं.

त्याच मिश्रणानं घेरावरची मिठाची रेघ टिपली. मीठ लगेच सुटलं. ते आधी काढणं आवश्यक होतं, कारण सॉल्व्हंट त्याला हात लावणार नव्हतं.

कोट पंख्याखाली पूर्ण सुकवला आणि डागावर कॉर्नफ्लोअरचा जाड थर देऊन रात्रभर ठेवला. घरात बेसन होतंच, पण ते स्वतः पिवळं आणि ओल लागली की चिकटणारं, म्हणून टाळलं. सकाळी कॉर्नफ्लोअर झटकलं तेव्हा ते फिकट केशरी झालं होतं. ताज्या डागावर याचा गुण कितीतरी जास्त आला असता.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड होता. हळदीचा रंग स्पिरिटनं आधी काढायचा, की आधी ड्रायक्लीनिंग? तेलाखाली असलेल्या रंगापर्यंत स्पिरिट नीट पोचत नाही, आणि पोचलंच तर तेलासकट रंग आजूबाजूला सरकतो. उलट ड्रायक्लीनिंग आधी केलं तर इस्त्रीची भीती. शेवटी ठरलं की ड्रायक्लीनिंग आधी, पण इस्त्रीशिवाय.

वहिनी कोट घेऊन गेली. मी एका कागदावर लिहून तो कोटाला टाचून दिला होता: खिशाखाली रस्सा, म्हणजे तेल, हळद, तिखट, त्यावर भांड्याचा बार लागलेला, व्हिनेगरनं काढला आहे, कॉलरला मेकअप, इस्त्री करू नये. दुकानदार जुना माणूस. तो म्हणाला, "प्रेस न करता कपडा द्यायचा? गिऱ्हाईक नाव ठेवते आमाले." वहिनीनं कारण सांगितलं तेव्हा त्याला ते लगेच पटलं, आणि हळद पेट्रोल वॉशमध्ये जात नाही हे त्यानं आपणहून सांगितलं. डाग कशाचा हे बहुतेक लोक सांगतच नाहीत, अशी त्याची तक्रार होती. मला ती अगदी रास्त वाटते. डाग कशाचा आणि त्यावर आधी काय काय लावलं, या दोन गोष्टी कळल्या तर चांगला कारागीर अर्धी लढाई तिथेच जिंकतो.

कोट परत आला तेव्हा तेलाचा काळपटपणा आणि तर्रीचा लालसरपणा गेला होता. कॉलरही स्वच्छ झाली होती. खिशाखाली तळहाताएवढा फिकट पिवळा डाग उरला होता, अगदी अपेक्षेप्रमाणे. आता औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घेतलं. नेलपॉलिश रिमूव्हर मुद्दाम टाळलं, कारण त्यातलं अ‍ॅसिटोन काही कृत्रिम अस्तरं विरघळवतं आणि अस्तर खरोखर व्हिस्कोसचंच आहे यावर सगळा कोट पणाला लावायचा नव्हता. सॅनिटायझरही नको, त्यातल्या चिकट घटकांचा नवा डाग पडतो. आधी शिवणीत चाचणी, मग खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर बसून, कापसाच्या बोळ्यानं टिपायला सुरुवात केली. बोळा पिवळा झाला की बदलायचा, खालचं फडकं सरकवायचं. बोळा पांढराच राहायला लागला तेव्हा थांबलो.

डाग पुष्कळ फिका झाला, पण दिसत होता. इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लोकरीवर जपून वापरता येतं. नणंदेला ते करून पाहायचं होतं. मी नको म्हटलं. साय-रंग हा दिलेला रंग आहे, नैसर्गिक नव्हे. पेरॉक्साइडनं हळदीसोबत तोही उडाला असता आणि पिवळसर छटेच्या जागी पांढरा ठिपका आला असता. तो लांबूनही दिसला असता.

त्याऐवजी ऊन. उजेडात कुर्क्युमिन तुटतं, म्हणून तर हळदीत माखलेले सुती कपडे उन्हात फिके होत जातात. पण लोकर कडक उन्हात फार वेळ ठेवली तर स्वतःच पिवळी पडते. म्हणून सगळ्या कोटावर पांढरी चादर घालून फक्त डागाची जागा उघडी ठेवली आणि सकाळचं कोवळं ऊन तेवढं घेतलं. डिसेंबरातलं नागपूरचं ऊन या कामाला फार चांगलं. असं ओळीनं काही सकाळी केलं.

काय केलं: जॅकेट

जॅकेटची गोष्ट वरवर सोपी होती. काळ्या नायलॉनवर हळदीची छटा दिसत नव्हती, प्रश्न फक्त तेलाचा होता. बाहीवर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात मिसळून मऊ स्पंजनं लावला, थोड्या वेळानं पुसला. मग पूर्ण जॅकेट धुवायचं ठरलं, कारण लेबल परवानगी देत होतं आणि कॉलर, कफही तेलकट होते.

वहिनीचं मशीन वरून उघडणारं. पिसांच्या जॅकेटमध्ये हवा असते, ते त्यात तरंगत राहतं, नीट भिजत नाही आणि मशीन कलतं. म्हणून शेजारच्यांच्या समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये लावलं: चेन बंद, 30 अंश, नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, लिक्विड नेहमीपेक्षा कमी, आणि खळबळणं दोनदा. फॅब्रिक कंडिशनर टाकलं नाही, कारण त्याचा थर पिसांना चिकटवतो आणि बाहेरच्या कापडाची पाणी न धरण्याची ताकद कमी करतो.

इथपर्यंत उत्तम. वाळवताना मात्र घोळ झाला. घरात ड्रायर नाही, लग्नाची गडबड, म्हणून कोणीतरी जॅकेट हँगरला लावून बाल्कनीत टांगलं. ओली पिसं प्रत्येक कप्प्याच्या तळाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी बाहेरचं कापड कोरडं लागत होतं, पण आत गोळे होते आणि कुबट वास यायला लागला होता. नवऱ्याला वाटलं, जॅकेट गेलं.

ते गेलं नव्हतं. जॅकेट आडवं पसरून प्रत्येक कप्प्यातले गोळे बोटांनी हलक्या हातानं सोडवले, मग मोठा ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीत मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवलं. चेंडूंच्या माऱ्यानं पिसं मोकळी होतात. मध्ये मध्ये काढून हातानं चाचपून पाहिलं. एकदा फिरवून भागलं नाही, पिसं आतून वाळायला फार वेळ घेतात. पण शेवटी जॅकेट पूर्ववत फुगलं आणि वासही गेला.

निष्पत्ती

जॅकेट पूर्ण बरं झालं. बाहीवर कुठे डाग होता हे आता सांगता येत नाही.

कोटावरचा डाग दोन हातांवरून दिसत नाही. उजेडात जवळ धरला तर खिशाच्या कडेला अगदी पुसट पिवळी छटा आहे. मीठ आणि कॉलर, दोन्ही साफ. शेवटी डागाची जागा स्वच्छ झाल्यावर मधे सुती कापड ठेवून हलकी वाफ दिली.

पोत मात्र सुधारला नाही. बार घासलेल्या जागी लोकर थोडी आटलेली आणि गुठळीदार आहे. मऊ ब्रशनं लव एका दिशेला बसवली, सुटलेले गोळे कात्रीनं कापले, त्यानं बरंच झाकलं गेलं. ज्याला माहीत आहे त्याला ते दिसतं. सगळ्या प्रकरणात कायमचं नुकसान झालं ते एवढंच, आणि ते रश्श्यानं नाही, चोळण्यानं झालं.

वेगळं काय करता आलं असतं

मावशींना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. सुती साडीवर, धोतरावर आयुष्यभर हेच चालत आलं आहे आणि तिथे ते चालतंही. सुती कापड अल्कली सोसतं, घासणं सोसतं. लोकर आपल्याकडे वर्षातून दीड-दोन महिने अंगावर येते, तिचा स्वभाव हाताला ठाऊक कसा असणार?

लॉनवर खरं तर दोन गोष्टी पुरेशा होत्या. चमच्यानं रस्सा उचलायचा आणि पांढऱ्या, बिनछपाईच्या नॅपकिननं दाबून टिपायचं. रंगीत नॅपकिनचा स्वतःचा रंग ओल्या लोकरीवर उतरू शकतो. त्यानंतर केटररकडून मूठभर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा मागून डागावर टाकायचा आणि कोट आडवा ठेवायचा. पाण्याची त्या घडीला गरजच नव्हती. तेल ताजं असताना पिठानं जेवढं ओढलं असतं, तेवढं दुसऱ्या रात्री ओढता आलं नाही.

जॅकेटच्या बाबतीत धुण्याआधी वाळवण्याची सोय बघायला हवी होती. ड्रायर नसेल तर जॅकेट आडवं पसरून, दर काही तासांनी उलटून, गोळे फोडत दोन-तीन दिवस कोरड्या हवेत वाळवता येतं. पण त्यासाठी घरात तेवढी सवड असलेला माणूस लागतो. लग्नघरात तो नव्हता. अशा वेळी नुसती बाही पुसून बाकीचं धुणं पुढे ढकललं असतं तरी काही बिघडलं नसतं.

पेरॉक्साइडबद्दल नणंद अजून विचारते. उरलेली छटा तिला खटकते. माझं उत्तर तेच आहे: आधी आणखी ऊन द्या, तिकडच्या उन्हाळ्यात खिडकीपाशी, कडेनं झाकून. आणि तरीही करायचंच असेल तर खिशाच्या झडपेच्या आतल्या कापडावर करून, ते पूर्ण सुकवून, दिवसाच्या उजेडात दोन्ही रंग शेजारी ठेवून पाहा. तिथे फरक दिसला तर बाहेर हात लावू नका.